जावक क्रमांक बारा

माझ्या मामाने आयुष्यात एकही पत्र क्रमांक टाकल्याशिवाय लिहिलं नाही. उजव्या कोपऱ्यात तारीख, डाव्या कोपऱ्यात 'जा. क्र.' आणि पुढे आकडा. वहिनी वारली तेव्हा साताऱ्याच्या भावाला लिहिलेलं सांत्वनाचं पत्रसुद्धा 'विषय : वहिनींचे निधन' असं सुरू झालं होतं. बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात तो आवक-जावक सांभाळायचा. आलेला कागद एका रजिस्टरात, जाणारा दुसऱ्या. नोकरीभर हेच केलं. मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्याची आठवण आली की मला आधी राग येतो आणि रडू मागाहून. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड लिहायची पद्धत आहे आणि मला ती जमणार नाही.

माझी आई गेली तेव्हा मी सातवीत होते. मामा 'चार दिवस' म्हणून नेरूळला आमच्याकडे आला तो परत गेलाच नाही. लग्न त्याने केलं नव्हतं. बाबा शाळामास्तर. सकाळी डोळे उघडले की बोलायला सुरुवात, ती रात्री दिवा घालवेपर्यंत. मामा दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलायचा. या दोन बाप्यांनी मला वाढवलं. आल्या आल्या मामाने घरातही रजिस्टर सुरू केलं. लग्नपत्रिका, शाळेची सूचना, सोसायटीचं पाणी बंद असल्याचं पत्रक, सगळ्यांवर ऑफिसातून बाद झालेला जांभळा शिक्का बसायचा. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर तो शिक्का उगारून निघाला तेव्हा बाबांनी त्याचा हात धरला. "अरे, ती पुढे जन्मभर दाखवायची असते!"

"मागच्या बाजूला मारतो की दाजी," मामा म्हणाला, आणि मारलाच.

"कागद दाबणं पाप," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याला एक शेपूट होतं : "पण पुढं कधी करायचा, ते साहेबाचा मूड बघून." हे शेपूट किती लांब आहे ते मला बारावीनंतर कळलं. ज्या कॉलेजवर माझा जीव होता त्यांचं नकाराचं पत्र सोमवारी आलं आणि माझ्या हातात पडलं शुक्रवारी, दुसऱ्या एका प्रवेशपरीक्षेचा पेपर देऊन घरी आल्यावर. शिक्क्याखाली तारीख सोमवारचीच होती. ती बदलावी असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. मी घर डोक्यावर घेतलं. "दाबलं नव्हतं, ठेवलं होतं," तो म्हणाला. "सोमवारी दिलं असतं तर आजचा पेपर बोंबलला असता." पेपर उत्तम गेला होता, हेच तर दुखणं होतं. ज्याच्यावर चिडायचं तोच बरोबर निघाला तर माणसाने त्या चिडीचं करायचं काय?

पुढे अमेरिकेत जाऊन शिकायचं माझ्या डोक्यात शिरलं. बाबांनी ते आख्ख्या सोसायटीला सांगितलं आणि मामाने रजिस्टरात नवं पान उघडलं. प्रत्येक विद्यापीठाचं पाकीट तो स्वतः पोस्टात न्यायचा आणि तिकिटांवर ठप्पा पडेपर्यंत खिडकी सोडायचा नाही. नकार आला की रविवारपर्यंत ठेवायचा; रविवारी सकाळी बाबांनी पोहे केले आणि मामा शेजारी येऊन बसला की मी ओळखायचे. होकाराचं जाडजूड पाकीट आलं त्या दिवशी मात्र तो तीन जिने चढून धापा टाकत आला आणि ते न उघडता, न शिक्का मारता माझ्या हातात कोंबलं. नोंद दुसऱ्या दिवशी केली. त्याच्या हातून नियमबाह्य असं एवढंच घडलेलं मला माहीत आहे.

निघायच्या संध्याकाळी टॅक्सी खाली उभी होती. बाबा ड्रायव्हरलाही माझा विषय समजावून सांगत होते. मामाने माझ्या हातात एक गठ्ठा दिला. परदेशी पाठवायची, छापील तिकिटाची निळी हवाईपत्रं, चोवीस. प्रत्येकावर त्याच्या सुबक अक्षरात नेरूळचा पत्ता, आणि कोपऱ्यात एक ते चोवीस आकडे. "महिन्याला एक. दोन वर्षांची सोय झाली," तो म्हणाला.

"अरे मामा, ही इथून तिकडे जातात! आपलं तिकीट तिथे कोण घेणार?" मी भर फाटकात ओरडले. जन्मभर टपाल हाताळलेला माणूस, आणि हे सुचू नये? त्याने वरचं पत्र उलटून पाहिलं. मग म्हणाला, "असू दे. पत्ता तर बरोबर आहे." मी गठ्ठा पर्समध्ये कोंबला आणि गाडीत बसले. नीट निरोपसुद्धा घेतला नाही. बाबांच्या बोलण्याला एव्हाना फाटकापाशी माणसं जमली होती आणि मला सगळ्यांचाच कंटाळा आला होता. सुटावं असं वाटत होतं, खरं सांगायचं तर.

तिकडे मामाची पत्रं महिन्याला दोन, नेमाने, माझ्यापुरते एकपासून वेगळे क्रमांक टाकून. 'विषय : घरची खुशाली.' मग मुद्दे. 'एक, दाजींची तब्येत चांगली. दोन, गच्चीची गळती बंद. तीन, तुझी सायकल खालच्या मुलीला दिली, हरकत असल्यास कळव.' खाली बाबांची एक ओळ : 'बाकी फोनवर बोलूच.' फोन मी महिन्यातून एकदा करायचे आणि तो बाबाच खायचे. मार्चमध्ये ते मला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत पडलेल्या मांजराची गोष्ट सांगत होते. माझा डोळा घड्याळावर. "बाबा, बाकीचं पुढच्या वेळी सांगा," मी म्हटलं. "बरं बरं, पळ तू," ते म्हणाले.

मग अकरा नंबरच्या पत्रानंतर तेरा नंबरचं आलं, आणि त्यात बाबांची ओळ नव्हती. फोन केला तर मामा म्हणाला, दाजी झोपलेत. पुढच्या वेळीही झोपलेतच. मी विचारलं, "मामा, बारा नंबरचं पत्र कुठे गेलं? पोस्टात गहाळ झालं का?"

"नाही. ते हाय माझ्यापाशी," तो म्हणाला. घाईत किंवा घाबरला की त्याच्या तोंडून साताऱ्याची बोली निघायची. "तुझी परीक्षा कधी संपती?"

मी तारीख सांगितली आणि फोन ठेवला! अभ्यासाच्या नादात मला वाटलं, मामा कुठेतरी पाकीट विसरला असेल. दहा वर्षं ज्याच्या हाताखाली काढली, ज्याचं शेपूट मला पाठ होतं, त्याने इतकं सरळ उत्तर दिलं आणि मला कळू नये. मामाइतकाच मला स्वतःचाही राग येतो तो इथे.

परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आला. मार्चमध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. पहिला हलका होता. दहा-बारा दिवस ते बोलत होते, अडखळत, पण बोलत होते. मग दुसरा आला आणि वाचा गेली. मी मिळेल त्या विमानाने घरी आले. बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. मला बघून त्यांनी तोंड उघडलं आणि "बरं" एवढा एकच शब्द आला. मग पुन्हा "बरं." आख्ख्या सोसायटीला पुरून उरणाऱ्या माणसाजवळ तेवढा एकच शब्द शिल्लक राहिला होता. त्यांना मला काहीतरी सांगायचं होतं, कपाळावर घाम येईपर्यंत ते झटत होते, आणि मी त्यांचा डावा हात धरून नुसती बसले होते.

"बारा नंबर काढ," मी मामाला म्हटलं. त्याने फायलीतून काढून दिलं. वर लाल शाईत शेरा होता : 'परीक्षेनंतर.' खाली मजकूर. विषय नाही, मुद्दे नाहीत. 'चि. वैशाली, काल सकाळी दाजींचा उजवा हात उचलेना. शब्द अडकतात पण तुझं नाव नीट घेतात. सारखं विचारतात. तू ये. टर्म गेली तर जाऊ दे. मला एकट्याला हे झेपायचं नाही. मला फार भीती वाटते.'

"हे लिहिलंस आणि पाठवलं नाहीस?"

"पोस्टापर्यंत गेलो होतो," मामा म्हणाला. "रांगेत उभा राहिलो. खिडकीशी आलो तेव्हा वाटलं, आपल्याला झेपत नाही म्हणून आपण पोरीचं वर्ष बुडवतोय. परत आलो."

इथे मला त्याची दया आली असं लिहिलं तर शोभून दिसेल. मला आला तो संताप. ते दहा-बारा दिवस माझे होते. मांजराची गोष्टसुद्धा माझी होती. येणं-न येणं मी ठरवायचं होतं. निदान फोनवर त्यांचा आवाज ऐकला असता. "तू कोण माझ्या बापाचे शब्द ठेवून घेणारा?" असंही मी बोलले. बाबा खिडकीपाशी "बरं, बरं" म्हणत राहिले, ते कोणाला उद्देशून होतं ते कळायला मार्ग नव्हता.

सुट्टी संपत आली तेव्हा मी जायचं नाही म्हणून बसले होते. मामाने माझी बॅग भरली. शेवटी मी अट घातली, यापुढे घरात जे काही होईल ते त्याच दिवशी मला कळवायचं, परीक्षा असो की काही असो. "तोंडी आदेश चालत नाही," तो म्हणाला, आणि त्यात चेष्टा नव्हती. मी कागदावर लिहून खाली सही केली. त्याने शिक्का मारून नोंद केली.

आणि मग त्या माणसाने मला वात आणला. दाजींना शिंका येतात, फोन. दाजींनी आज दोन घास कमी खाल्ले, फोन. नवीन गोळीचा रंग वेगळा आहे, काळजी नसावी, फोन. "अरे मामा, हे काय कळवायचं असतं?" असं म्हटलं की तो म्हणायचा, "काय कळवायचं नाही ते त्यात लिहिलेलं नाही." हळूहळू मी फोन वाजू द्यायला लागले. कधी उचलायचे, कधी नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझी तोंडी परीक्षा होती. अकरा वाजता, तीन मास्तरांसमोर. सकाळी सातला मी टिपणं चाळत असताना फोन वाजला. मामाच असणार हे ठाऊक होतं. न उचलावा असं वाटलं, पण उचलला.

"वैशे, दाजी गेले," तो म्हणाला. "दोनच तास झाले. दुपारच्या झोपेतच गेले."

त्यावर मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "मामा, आज माझी परीक्षा आहे. पाच-सहा तास थांबता आलं नाही तुला?"

पलीकडे बायकांचा रडण्याचा आवाज येत होता. दाराची उघडझाप होत होती. मामा म्हणाला, "परीक्षा ठाऊक होती गं मला. पण तुझी सही हाय ना त्याच्यावर."

मी फोन ठेवला. तोंड धुतलं, साडेदहाला गेले, विचारलं त्याची उत्तरं दिली. मास्तरांनी हात मिळवून अभिनंदन केलं. बाहेर येऊन पायरीवर बसले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मामा त्या घरात आता एकटा आहे, आणि त्याला कसा आहेस एवढंही मी विचारलं नाही.