मोर नसलेले पुडे

आजवर कोणालाही, अगदी बायकोलाही न सांगितलेली एक गोष्ट आधी सांगून टाकतो. आमच्या चहाच्या पुड्यांत मोर कधी नव्हताच. वसंतभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी इथे जबलपूरला, गोरखपूर नावाच्या वस्तीतल्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून उभा होतो. त्यांच्या मुलाचा फोन होता. ‘काका, बाबा सकाळी गेले, झोपेतच,’ एवढंच तो बोलला. मी ‘अच्छा’ म्हणालो. असं कोणी म्हणतं का? पण तोंडातून तेवढंच निघालं. मग भाजीवालीनं दोनदा विचारलं, भैया, लेना है कि नहीं, आणि मला आजूबाजूचे सगळे रंग एकदम फार गडद दिसायला लागले… टोमॅटोचा लाल, कोथिंबिरीचा हिरवा, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी तो निळा, जो तिथे नव्हता.

तरुणपणी आम्ही दोघं चहाच्या एका लहानशा कंपनीत होतो. कंपनी कसली, इथल्याच घमापूरच्या एका गल्लीतलं गोदाम आणि त्याला लागून सेठजींची गादी. आसाम-कलकत्त्याकडून चहाची खोकी यायची. तो चहा मिसळायचा, पुड्यांत भरायचा आणि घरोघरी विकायचा. मी हिशेब-कारभार बघायचो, म्हणून वसंतभाऊ मला चिडवायला ‘शरदबाबू’ म्हणत. ते माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. सायकलला दोन्हीकडे कॅनव्हासच्या पिशव्या लटकवून ते सकाळी निघत आणि चहाचा वास त्यांच्या मागून गल्लीभर जात राही. मराठी घरांत तर ते विक्रेते नव्हतेच, पाहुणे होते. त्यांच्या हाताला यश आहे, असं सगळे मानायचे. कोणाला तुळस लावायची असो, नव्या दुकानात बोहनी करायची असो, नाहीतर शिवणयंत्रावर पहिला टाका घालायचा असो, ‘वसंतभाऊ आले की त्यांच्या हातानं करू’ म्हणून काम अडवून ठेवलं जाई. त्यांनाही ते आवडायचं. चारचौघांत हात पुढे करताना ते जरा लाजत आणि मग डोळे मिटून घेत.

मोठ्या कंपन्यांचे चहा टीव्हीवर दिसायला लागले, तशी आमची विक्री बसली. मीच सेठजींना बक्षिसांची योजना सुचवली. प्रत्येक पुड्यात एक छोटं रंगीत चित्र टाकायचं : कमळ, पोपट, हत्ती, मासा किंवा मोर. पाचही जमली की चिनी मातीच्या कपबशांचा संच फुकट. जो विक्रेता सगळ्यांत जास्त माल खपवील, त्याला दिवाळीत भिंतीवरचं घड्याळ. सेठजींना योजना इतकी पसंत पडली की त्यांनी मलाही एक बक्षीस लावलं. माल भरपूर जावा आणि कपबशा कमी जाव्यात, तसं झालं तर नवी स्कूटर तुझी. ‘मोर ज़रा कम रखना,’ ते हळूच म्हणाले, ‘तुम समझदार हो।’ कमी म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुडे भरणाऱ्या बायकांना चित्रांचे गठ्ठे मीच काढून देत असे. पहिल्या दिवशी मी मोरांचा गठ्ठा कपाटात ठेवला. थोडी विक्री वाढू दे, मग टाकू, असं मनाशी म्हटलं. विक्री वाढली. मग वाटलं, दसरा जाऊ दे. रोज कपाट उघडलं की वरचा मोर मान वळवून माझ्याकडे बघायचा. काही दिवसांनी मी त्यावर वर्तमानपत्र गुंडाळलं.

तो हिवाळा आठवला की मला सगळं जरा उन्हाच्या धुरकट पडद्यामागून दिसतं. घमापूरच्या अंगणांत दुपारच्या वेळी बायका उन्हाला पाठ करून बसलेल्या, मांडीवर लोकरीची विणकामं, आणि मधे चटईवर पत्ते पसरावेत तशी ती चित्रं पसरलेली. मोर कोणाकडेच नव्हता, बाकीच्या सगळ्यांची अदलाबदल चाले. ‘माह्याजवळ तीन पोपट होऊन राहिले, एक घेऊन घे न बाई,’ कोणी म्हणायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर तिळगुळाबरोबर हत्ती-मासे वाटले गेले. वसंतभाऊंची सायकल वाजली की सगळ्या उठून दारात. पुडा स्वतःच्या हातानं कोणी उचलत नसे. ‘तुमच्या हातानं द्या भाऊ, तुमच्या हाताला मोर आहे.’ मग ते पिशवीत हात घालत, डोळे मिटत, आत बराच वेळ चाचपडत आणि एक पुडा काढून देत. तो तिथेच उंबऱ्यावर फोडला जाई. मासा. सगळ्या हसत. पुढच्या वेळी कमळ. मग पुन्हा मासा. हसणं कधी कमी झालं, ते कोणाच्याच लक्षात आलं नसावं. संध्याकाळी गोदामात परतल्यावर ते मला सारं रंगवून सांगत आणि मी मान खाली घालून विक्रीचे आकडे मांडत बसे. दिवाळीतलं घड्याळ त्यांनीच पटकावलं होतं. स्कूटरही माझ्या दारात आली होती.

त्याच गल्लीत सरलाबाई राहायच्या. नवरा कारखान्यात नोकरीला, मुलगी मीना लग्नाची. मीनाला बघायला नागपूरहून पाहुणे यायचे ठरले आणि सरलाबाईंच्या मनानं घेतलं की त्या दिवशी चहा नव्या कपांतूनच द्यायचा. चार चित्रं त्यांनी तुळशीजवळच्या कोनाड्यात लावून ठेवली होती. वसंतभाऊ त्यांना म्हणाले, पाहुणे येतील त्या दिवशी कप तुमच्या घरी असतील, ही जबाबदारी माझी. आणि मोर काही निघेना. शेवटी आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घरातल्या कपबशा काढल्या. कुसुमवहिनींना माहेरहून आलेल्या, बारीक गुलाबी काठाच्या. कागदात गुंडाळून सरलाबाईंना नेऊन दिल्या आणि सांगितलं, कंपनीनं पाठवल्यात. पाहुणे आले, चहा झाला आणि पुढे ते लग्न जमलं नाही. तशी लग्नं मोडतात. पण गल्लीत दोन गोष्टी फिरायला लागल्या. मोर न दाखवता सरलाबाईंना कप मिळाले कसे, ही एक. आणि दुसरी हळू आवाजातली… की भाऊंच्या हाताला आता पहिल्यासारखं राहिलं नाही.

एका संध्याकाळी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. पुडे भरणाऱ्या बायका गेल्या होत्या. चहाची बारीक धूळ उतरत्या उन्हात सोनेरी होऊन तरंगत होती आणि त्या धुळीत ते मला फार लांब उभे असल्यासारखे दिसले.

‘शरद,’ ते म्हणाले. बाबू नाही, नुसतं शरद. ‘खरं सांगजो. मोर टाकून राहिला न तू?’

कपाट माझ्या पाठीशी होतं. मी म्हणालो, ‘टाकतो की भाऊ. काहून?’

‘काही नाही बाप्पा.’ त्यांनी उजवा हात उजेडात धरला आणि उलटसुलट करून पाहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. ‘मग याच हाताला काही झालं असंन.’

मी हसून काहीतरी बोललो. नशीब असतं एकेकाचं, असलं काहीतरी. त्यांना माझं खरं वाटलं. तेच मला आजतागायत सोसत नाही. शंका घेतली असती, भांडले असते, कपाट उघड म्हणाले असते, तर मी सुटलो असतो. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या हातावरचा काढून घेतला.

त्यानंतर ते पिशवीचं तोंड उघडून धरायचे आणि म्हणायचे, तुमीच काढा ताई, माझ्या हातानं नको. बायकांनी काढले तरी मोर निघायचा नव्हताच. पण त्याचा दोषही त्यांचा हात लागलेल्या पिशवीला, त्यांच्या सायकलीला लागत गेला. काही घरांत त्यांच्यासाठी पाट मांडणं बंद झालं. उन्हाळ्यात त्यांनी सेठजींना सांगून घरोघरचं काम सोडलं आणि गोदामात खोकी उतरवून घ्यायला बसले. सेठजींना वाटलं, माणूस थकला. कंपनीत कोणी चौकशी केली नाही. योजना संपली, तेव्हा एका पहाटे मी मोरांचा गठ्ठा घेऊन ग्वारीघाटावर गेलो. धुकं इतकं होतं की नर्मदा दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. मला वाटलं होतं, कागद आहेत, बुडतील. ते बुडाले नाहीत. सुटे होऊन, निळी बाजू वर करून ते पाण्यावर पसरले आणि कोणीतरी सोडलेल्या दिव्यांच्या मागोमाग सावकाश निघाले. मी पायऱ्यांवर बसून राहिलो. अजूनही स्वप्नात मी त्याच पायरीवर बसलेला असतो. मोर संपतच नाहीत, आणि वसंतभाऊ गुडघाभर पाण्यात डोळे मिटून उभे असतात, हात मात्र पाण्याबाहेर धरून.

आमची मैत्री तुटली नाही. तुटली असती तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं. कंपनी बंद पडल्यावर मी एका औषधांच्या वितरकाकडे लागलो, तिथे मला मोठा पगार मिळाला आणि विक्रेत्यांना बक्षिसं लावायचंच काम मिळालं. मला ते चांगलं जमतं, असं सगळे म्हणत. वसंतभाऊ सणावाराला यायचे, त्याच मऊ आवाजात थट्टा करायचे. माझी मुलगी जन्मली तेव्हा दवाखान्यात आलेला पहिला माणूस तेच होते. बायकोनं बाळ त्यांच्यापुढे केलं, तर ते दोन पावलं मागे सरकले. दोन्ही हात पाठीमागे धरलेले. म्हणाले, ‘नको वहिनी, मी लांबूनच पाहतो. छान आहे. बापावर गेली.’ बायको नंतर म्हणाली, काय तऱ्हेवाईक माणूस आहे. मी खिडकी लावायला उठलो.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. कुसुमवहिनी पुढच्या खोलीत बसल्या होत्या. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्या दाराच्या कडीकडे बघत बोलायला लागल्या. सकाळी घराची कडी ते कधी स्वतः काढायचे नाहीत. दिवसाची सुरुवात माझ्या हातानं नको, म्हणायचे. वहिनी उठून कडी काढायच्या, दार उघडायच्या, आणि मग मागे उभे असलेले ते बाहेर पडायचे. इतकी वर्षं. ‘अजूनही मी उठते अन् कडी काढते,’ त्या म्हणाल्या, ‘अन् बाजूला होऊन उभी राहते. सवय झाली न. मग ध्यानात येते का मागं कोणी नाही.’

थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात संशय नव्हता, मी त्या घरचा जुना माणूस म्हणून विचारत होत्या.

‘तुमी तर तिथं हाफिसातच होते भाऊजी. यांच्या मनात हे हाताचं कुठून बसलं, तुमाले काही माहीत आहे?’

दारातून ऊन आत आलं होतं. कडी त्यात चमकत होती, रोजच्या हातानं झिजून मधे बारीक झालेली. मला दुसऱ्यांदा विचारलं गेलं होतं. अशी दुसरी संधी फार थोड्या माणसांच्या नशिबी येते. मी म्हणालो, ‘नाही वहिनी, कल्पना नाही.’ त्यांनी दिलेला चहा प्यायलो आणि निघालो.

हे लिहून मी मोकळा झालो, असं वाटून घेणार नाही. वर्तमानपत्राची पुरवणी वाचणाऱ्यांना सांगणं सोपं आहे. वसंतभाऊंच्या हातात काहीही खोट नव्हती, मोर मी ठेवून घेतले होते. हे वाक्य त्या खोलीत, कुसुमवहिनींसमोर बसून, तोंडानं म्हणणं माझ्याकडे बाकी आहे. ते मी अजून म्हटलेलं नाही.