सोनकांबळे सरांचं वाकलेलं नाणं

सोनकांबळे सर कशानं गेले, हे डॉक्टरांना अजून सांगता आलेलं नाही.
आज वर्ष झालं.

सर कंधारला आम्हाला इतिहास शिकवायचे. रिटायर झाल्यावर एकच नाद. जुन्या इंग्लंडची चांदीची नाणी. सहा-सातशे वर्षांपूर्वीची, चिंचोक्याएवढी, पापडासारखी पातळ.

मी विचारलं होतं, "सर, निजामाची सोडून हीच काहून?"
"इंग्रज आपल्यावर राज्य करायच्या आधी कसे होते, बघू दे की. तेबी गरीबच होते रे."

शेवटचं नाणं हैदराबादच्या डीलरकडून आणलं. मधोमध वाकवलेलं.
डीलर म्हणाला, तिकडं घरात कुणी आजारी पडलं की त्याच्या डोक्यावर नाणं धरून वाकवायचे, नवस बोलायचे. मग ते नाणं चर्चमध्ये नेऊन वाहायचे.
हे मात्र एका शेतात सापडलेलं. म्हणजे वाहायचं राहून गेलेलं.

सरांच्या घरच्या, आमच्या काकू, म्हणाल्या, "राहू द्या तसंच."
सर हसले. "आपल्या घरात नवस कवा चालला?"
सोनाराकडून सरळ करून आणलं. मी सोबत होतो.

पंधरा दिवसांत ताप सुरू झाला. नांदेड झालं, लातूर झालं. सगळे रिपोर्ट नॉर्मल, आणि सर वाळत चाललेले.

लातूरच्या दवाखान्यात मी हळूच म्हणालो, "सर, ते नाणं परत वाकवून बघू का?"
"पोरांना आयुष्यभर काय शिकवलं मी? न्हाई."
तिसऱ्या दिवशी गेले.

जलदानविधी झाल्यावर काकूंनी मला आत बोलावलं.
"ते लातूरला असताना मीच गुपचूप वाकवणार होते. कपाट उघडलं. किल्ली माझ्याच कमरेला असती. हे बघ."
नाणं वाकलेलं होतं. जुन्याच घडीवर.
"त्यांना सांगितलंच न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा भ्याले असते."

सोनाराला दाखवलं. तो हातात घेईना.
"जुनी चांदी हाय. त्याच जागी परत वाकवली की तुकडे होत्यात. हे कसं वाकलं, मला न्हाई ठाऊक."

काकू एवढंच म्हणाल्या, "कुणाचा का असंना, फेडून टाक."

बाकीची नाणी सरांच्या इच्छेप्रमाणे शाळेला दिली. हे एक मी नांदेडला चर्चच्या दानपेटीत टाकलं. भर दुपार, आत कुणी नव्हतं. हात जोडावेत की नाही, कळेना. नुसताच उभा राहिलो आणि बाहेर आलो.

वर्षभर कुणाला बोललो नाही.

सर, तुमचा विद्यार्थी नवस फेडून आला. रागवायचं तर रागवा.

जय भीम, सर.