साकोलीसाठी तारीख नाही

ही गोष्ट मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेली नाही. मुलाच्या नाही, भावाच्या नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती, ती सुनंदा, माझी बायको, गेल्या वर्षी गेली. तापाचं निमित्त झालं. नागपूरला नेलं, परत आणता आलं नाही. आता तुम्ही समोर आहात असं धरून लिहितो. समोर खरोखर कुणी नसलं की मला जरा बरं बोलता येतं.

पण लिहायला बसलो की आधी चीड येते. कशाची? भेटायला येणाऱ्यांची, चहाच्या कपांची, लोकांच्या कौतुकाची. "सर, तुमचा पाठिंबा होता म्हणून वहिनींनी एवढं उभं केलं" — हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की समोरचा 'सर' म्हणाला की पुढचं मला पाठ असतं. मी साकोलीतल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. एका महिला दिनाला तिथे माझा — माझा! — शाल देऊन सत्कार केला होता. बायकोला सफाईचा व्यवसाय करू देणारा पुरोगामी नवरा म्हणून. करू देणारा! आणि मी ती शाल खांद्यावर घेतली. दोन शब्द बोललोही. कष्टाची प्रतिष्ठा वगैरे. माझं बोलणं चांगलं असतं, लोक सांगतात.

पाठिंबा. बरं. हा पाठिंबा कसा होता ते क्रमाने सांगतो — किंवा सांगायचा प्रयत्न करतो, कारण दोनदा कागद फाडून झाला आहे.

आम्ही घर बांधलं तेव्हा याची सुरुवात झाली. रंगारी काम आटोपून गेले आणि मागे काय ठेवलं? फरशीभर रंगाचे शिंतोडे, काचांवर सिमेंटचे ओघळ, नळांवर चुना. वास्तुपूजा तोंडावर आलेली. सुनंदानं ओळखीच्या दोघी बायका बोलावल्या, पदर खोचला, हातात ब्लेड आणि ओलं फडकं घेतलं आणि घर असं लख्ख करून काढलं की ठेकेदार दारातच थांबला. म्हणाला, "वहिनी, माह्या दुसऱ्या साइटवर येता का? पैसे देतो जी, फुकट नाही." तो थट्टा करत होता. ती गेली.

मग मशीन आलं, पाण्याचा जोर मारणारा पंप आला, स्कूटीला दोन्हीकडून बादल्या लटकायला लागल्या. आमच्या व्हरांड्यात ओले पोछे वाळायचे आणि माझ्या पुस्तकांना फिनेलचा वास लागायचा. मी चिडायचो. ती हसायची. "अजी, वाळवी तरी लागणार नाही तुमच्या पुस्तकांले!"

आंधळगावहून थोरल्या भावाचा फोन आला होता. "काय मास्तर, तुह्या बायकोनं झाडू धरला म्हणते. मंग तू आता बादली धर!" आणि मोठ्यानं हसला. मीही हसलो. पण ते हसणं माझ्या पोटात बसून राहिलं. आमच्या घराण्यात कुणी दुसऱ्याच्या घरची मोरी धुतली नव्हती. मी वर्गात माणसामाणसांतल्या समानतेवर तास तास बोलतो — आणि मला काय टोचत होतं? मोरी. हे तुम्हाला सांगताना माझी मलाच किळस येते, पण तेच होतं.

तिला पत्रक छापायचं होतं. मजकूर मी लिहिला. तिनं वाचला आणि पलंगावर लोळून हसली. "हे काय लग्नपत्रिका आहे का? कोणाले समजन?" मग तिनंच सांगितलं तसं लिहिलं — घर, दुकान, ऑफिस, पाण्याची टाकी, सगळं साफ करून देऊ. खाली फोन नंबर. तो माझा. तिचाच हट्ट होता. "माहे हात दिवसभर ओले राहतात. अन् तुमचं बोलणं कसं शुद्ध आहे, लोकांले विश्वास वाटते. तारखा तुम्हीच पाहा."

तिनं माझ्या हाती एवढंच दिलं होतं. फोन घ्यायचा, तारीख द्यायची, संध्याकाळी तिला सांगायचं. याहून सोपं काम कोणतं असतं?

दिवाळीच्या आधी पहिल्यांदा घडलं. आमच्या उपप्राचार्यांच्या घरून फोन होता. त्यांच्या पत्नीनं माझा आवाज ओळखला. "कोण, सर बोलून राहिले का? बरं झालं, घरचंच काम झालं म्हणा! दोन बाथरूम आहेत अन् वरची टाकी." आणि मला डोळ्यांपुढे दिसलं — सुनंदा त्यांच्या बाथरूममध्ये उकिडवी बसली आहे, ब्रश घासते आहे, आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तो माणूस माझ्यासमोर डबा उघडतो आहे. मी म्हणालो, "तारीख नाही हो. दिवाळीपर्यंत सगळं भरलं आहे."

काहीही भरलेलं नव्हतं. सुनंदा तेव्हा व्हरांड्यात बसून फडकी घडी करत होती, आणि मी दार लोटून घेतलं होतं.

किती सहज निघालं ते वाक्य! मला वाटलं होतं जीभ अडेल. नाही अडली. आणि एकदा नाही अडली म्हणजे मग — पुढचं तुम्हाला कळलंच असेल. अनोळखी माणसाचा फोन आला की तारीख द्यायची: हायवेवरचे धाबे, लॉज, बँक, नागझिऱ्याकडची रिसॉर्टं, लाखनीतली दुकानं. ओळखीचा आवाज आला, कॉलेजातला, नात्यातला, आमच्या गल्लीतला, की तारीख नाही. बायकोनं झाडायचं ते जग दूर असावं, एवढीच माझी सोय.

तुम्ही विचाराल, गल्लीतल्या बायका तिलाच थेट विचारत नव्हत्या का? विचारायच्या ना! आणि ती काय सांगायची? "तारखांचं मले नका विचारू बाई, सरांले फोन करजा. मी देईन एखादी तारीख अन् तिकडं त्यायनं दुसऱ्याले कबूल केली असन." त्या फोन करायच्या. मी नाही म्हणायचो. आणि तिला वाटायचं, बोलतात नुसत्या, करत कुणीच नाही.

एकदा जेवताना तिनं विचारलं, "लाखनीपर्यंत जाते मी. साकोलीतलं एक घर नाही. काहून जी?"

मी शिकलेला माणूस. माझ्याकडे उत्तर तयार. म्हणालो, "आपल्या घरातली घाण ओळखीच्या बाईला दाखवायला लोकांना संकोच वाटतो. मानसशास्त्र आहे ते."

तिनं मान डोलावली. पण तिनं माझं मानसशास्त्र घेतलं नाही, स्वतःचा अर्थ काढला. त्या संक्रांतीला ती कुणाकडे हळदीकुंकवाला गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "माह्या हाताचं कुंकू कोण लावून घेईन? दिवसभर लोकायच्या मोऱ्यांत असते मी." आणि पोळ्या लाटत राहिली. तेव्हा सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं. मी काय केलं? "असं काही नसतं," म्हणालो आणि ताट पुढे केलं.

अजून मी मुख्य गोष्टीपाशी आलेलो नाही. येतो.

शोभाताई. सुनंदाची मैत्रीण. दोघी अड्याळच्या, एका आळीत वाढलेल्या, आणि नशीब असं की दोघी साकोलीत एकाच गल्लीत सून म्हणून आल्या. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर दोघींच्या कुरड्या एकत्र वाळायच्या. कोणाची कोणती, हे त्यांनाच ठाऊक नसायचं. शोभाताईंच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्यांनी मला फोन केला. चार घरं टाकून राहणाऱ्या बाईनं — फोन.

"सर, सुनंदीले नका सांगू मी फोन केला म्हणून. तिले तोंडानं सांगतलं तर ती फुकटात करून देईन, एक पैसा घेणार नाही. मले तसं नाही पाह्यजे. लग्नघर आहे, पूर्ण घर साफ करायचं आहे. बाकी गिऱ्हाइकासारखी तारीख द्या, पैसे आधीच तुमच्याजवळ देऊन ठेवते. ती आली का दारात, मंग पाहू तिचं तोंड!"

त्या हसत होत्या. मैत्रिणीचा धंदा धंद्यासारखा मानणारी ही गल्लीतली पहिली बाई — आणि तिचा फोन घ्यायला मी होतो. मी काय विचार केला? लग्नाला अर्धं कॉलेज येणार, मुलाकडचे लोक आधीपासून घरात ये-जा करणार, आणि त्यांच्यासमोर सुनंदा जिन्यावर पोछा मारत असणार. मी म्हणालो, "शोभाताई, तारीख नाही हो."

"एकही नाही? माह्यासाठी?"

"नाही. रिसॉर्टचं मोठं काम घेतलं आहे तिनं."

"बरं," त्या म्हणाल्या. फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात भंडाऱ्याहून एक गाडी आली. गणवेशातली मुलं उतरली, मशीन उतरलं, आणि शोभाताईंच्या घरात गेलं. सुनंदा आमच्या फाटकाशी स्कूटी काढत होती. तिनं पाहिलं. ती स्कूटी तशीच स्टँडवर लावून आत आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "शोभीनं भंडाऱ्याचे लोक बोलावले." एवढंच. रडली नाही, भांडली नाही. हेल्मेट घालून कामावर गेली.

लग्नात ती हळदीला गेली नाही. आहेर माझ्या हाती पाठवला. मी तो घेऊन गेलो, जेवलो, उपप्राचार्यांशी गप्पा मारल्या. शोभाताईंनी मागे पाहिलं, कुणी सोबत आहे का म्हणून. नव्हतं. त्यांचा चेहरा मी पाहिला. मला सगळं कळत होतं, हे लक्षात घ्या. एकीला वाटलं, मी मोऱ्या धुते म्हणून हिनं मला घरात घेतलं नाही. दुसरीला वाटलं, ही मोठी झाली, आता हिला माझ्यासाठी दिवस नाही. दोघी मानी. कुणी कुणाला विचारणार नव्हतं, आणि त्यांच्या मानीपणावर मी निर्धास्त होतो. त्या उन्हाळ्यात गच्चीवर एकाच घरच्या कुरड्या वाळल्या. पुढच्या उन्हाळ्यात सुनंदानं केल्याच नाहीत. "विकत आणजा," म्हणाली.

मी आणल्या. चांगल्या नव्हत्या. आणि मी तसं बोलूनही दाखवलं!

तेरवीच्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर शोभाताई मागे थांबल्या. सुनंदाच्या फोटोसमोर बसल्या होत्या. मी खुर्चीत. बराच वेळ त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"सर, एक विचारू?"

"विचारा ना."

"लग्नाच्या वक्ताले मी फोन केला होता तुमाले. तुमी तिले सांगतलं होतं का, मी केला म्हणून? का तिले माहीतच नव्हतं?"

बघा, सारं होतं त्या प्रश्नात. वर्षानुवर्षं जी गाठ मी घट्ट केली होती, ती सोडवायला एक म्हातारी होत चाललेली बाई स्वतःहून माझ्या दारी आली होती. मला फक्त 'नाही सांगितलं' म्हणायचं होतं. सुनंदा गेली होती. आता कसली मोरी, कसलं स्टाफरूम, कोणाची लाज? काय वाचवायचं उरलं होतं माझं? मी आजही स्वतःला हे विचारतो आणि संतापतो, कारण उत्तर येतं ते इतकं फालतू आहे. त्या बाईनं उठून जाताना मला वाईट म्हणू नये. बस. एवढंच.

मी म्हणालो, "हो, सांगितलं होतं. पण तिला खरंच जमण्यासारखं नव्हतं."

शोभाताईंनी फोटोकडे पाहिलं. "मंग ठीक आहे," म्हणाल्या. "मले उगाच वाटे का तिले माहीत नसन. मी मनातल्या मनात तिच्या बाजूनंच बोलत होती इतकी वर्षं." मग उठल्या, फोटोला हात न लावता उठल्या, आणि चपला घालून गेल्या.

त्यांना वाटत होतं ते बरोबर होतं. सुनंदाला त्या फोनचं काहीही माहीत नव्हतं. शोभाताईंचं घर मला या खिडकीतून दिसतं. आता अंगणात त्या धान वाळत घालत आहेत. मी हे तुम्हाला लिहिलं. त्यांना सांगितलेलं नाही.