हौसाच्या गावी, कबुली द्यायला

संगमनेरहून सकाळी निघाले तेव्हा प्रवरेवर धुकं होतं आणि उसाने भरलेले ट्रॅक्टर त्यातून हत्तीसारखे डुलत येत होते. लेकीने डबा, पाणी, गोळ्या आणि भरपूर सूचना बरोबर दिल्या होत्या. "आई, या वयात एकटीने जामखेडला कशाला?" या तिच्या प्रश्नाला मी "जुनी शाळा बघायला" असं उत्तर दिलं. थापा मारायची माझी सवय जुनीच. खरं तर त्या सवयीपायीच हा प्रवास करावा लागत होता.

झालं होतं असं. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी मी जामखेडच्या पुढे एका खेड्यात मास्तरीण होते. वय एकवीस, पाठीवर दोन वेण्या, ट्रंकेत कादंबऱ्या आणि डोक्यातही कादंबऱ्याच. शेजारी हौसा राहायची. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पोटुशी. नवरा भानुदास फौजेत. हौसाला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिची पत्रं मी लिहायची आणि त्याची वाचून दाखवायची. ती सांगायची, "म्हस गाभन हाय, लिवा." मी लिहायची, "आपल्याविना चांदणं पोळतं." बिचारा भानुदास ओळीने तीन पत्रांत विचारत राहिला, म्हैस व्याली का?

त्याची पत्रंही मला रुक्ष वाटायची. मग वाचतावाचता मीच ती सुधारायची. एकाहत्तरच्या लढाईआधी त्याचं शेवटचं पत्र आलं. त्यातल्या चार ओळी गाळून मी एक वाक्य पदरचं घातलं. भानुदास परत आलाच नाही. वर्षभरात माझी बदली झाली. माझं वाक्य नवऱ्याचं समजून हौसा जन्म काढते आहे, हे मला कधी नीट झोपू देईना. गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला आणि कळलं, हौसाकाकू आहेत, ठणठणीत आहेत. म्हटलं, दोघींपैकी एक जायच्या आत सांगून टाकावं.

नगरला गाडी बदलली. पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच. शहर मागे पडलं तशी झाडं विरळ झाली आणि आभाळ वाढत गेलं. मध्येच बीड जिल्हा येतो आणि निघूनही जातो. आपल्याला पत्ता लागत नाही, कारण दोन्हीकडे तोच शाळू (रब्बीची ज्वारी) आणि तेच फिकट सोनेरी ऊन. खिडकीशी डोळा लागला. पुढच्या सीटवर दोन वेण्यांची एक मुलगी मांडीवर कादंबरी घेऊन बसलेली दिसली. म्हटलं, "सरक जरा." सरकली नाही. शिष्ट होती अगदी. ओळखीची वाटली.

जामखेडहून वडाप (माणशी भाडं घेणारी जीप) धरली, तर तिथेही डुलकी लागली आणि मी दोन गावं पुढे गेले. तिथून एक रिक्षावाला मागे घेऊन आला. चाळिशीचा असेल.

"आजी, कुनाकडं जायाचं?"

"हौसाबाईंकडे."

"भानूबाबाच्या घरला व्हय! तसं सांगा की."

भानूबाबा! चोविसाव्या वर्षी गेलेला भानुदास गावात राहून म्हातारा झाला होता. शाळेच्या फाटकाशी त्याचं लहानसं स्मारक आहे. रंगवलेल्या फोटोत चित्रकाराने डोळे निळसर केलेत आणि मिशीही जरा जास्तच दिली आहे. म्हणजे त्याला सुधारणारी मी एकटीच नव्हते.

हौसा ओट्यावर परात घेऊन शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, झणझणीत रश्शात शिजवलेल्या) वळत होती. तळहातावर पीठ फिरायचं आणि बारीक वळी परातीत उतरायची. मला बघून हात थांबले नाहीत.

"बाई, वेण्या कुठं गेल्या?"

"तुझे दात गेले तिकडेच."

"मंगल," तिने सुनेला हाक मारली, "पानी आन गं. आमच्या मास्तरीनबाई आल्यात. अर्धशतक झालं, येते म्हनून गेल्त्या."

जेवताना ती भानुदासचंच बोलत होती. लग्नात तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. बैलांशी मात्र दिवसभर बोलायचा. शेंगोळ्यांचा रस्सा इतका तिखट लागायचा की घाम पुसायला खांद्यावर पंचा घेऊनच जेवायला बसायचा. सुट्टीवर आला की आधी म्हैस बघायचा, मग आई, मग हळूच स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर. सोपान, त्याचा मुलगा, बापाने पाहिलाच नाही.

दुपार कलली. समोर शाळूच्या कणसांवर ऊन झोपल्यासारखं पसरलं होतं आणि लांबून कुणीतरी पाखरं हाकत होतं. तो आवाज आत्ताचा की तेव्हाचा, मला कळेना. मी घसा साफ केला.

"हौसा, शेवटच्या पत्रात ते आभाळाचं होतं बघ..."

"'इथल्या आभाळात मला तुझे डोळे दिसतात,'" ती म्हणाली. "त्ये तुमचं हुतं. ठावं हाय."

मी हातातली वाटी खाली ठेवली.

"मला तवाच संशय आल्ता. म्हनलं, ही बाई दुसऱ्याच कुनाचा गडी वाचतीया. आमच्या ह्यांनी आभाळाकडं बघितलं तर पावसासाठी." ती हसली, मग थांबली. "सोपान पयलीत गेला, तशी मी बी त्येच्याबरूबर पाटी धरली. एक वरीस लागलं. मग पेटीतनं त्ये पत्र काढलं. चार दिस वाचीत हुते."

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं. मला खरंच आठवत नव्हतं.

शेताकडे बघत ती सावकाश म्हणाली, तिच्या बोलीत नव्हे, त्याच्या पत्रातल्या शाळकरी भाषेत: "'विहिरीवरून दोन हंडे एकदम आणू नकोस. एक आण. मग थोडं बस. मग दुसरा आण. आई बोलली, तर भानूने सांगितलं आहे म्हण.'"

आणि त्या ओळी मला दिसल्या. निळ्या शाईच्या, उजवीकडे उतरत गेलेल्या. हंडे, विहीर, सासू. यात काय वाचायचं, असं म्हणून मी डोळ्यांनी ओलांडलेल्या.

"मी दोनच आनीत राहिले," हौसा म्हणाली. "सासूम्होरं बोलायचं कसं? सोपान आठव्यात झाला. महिनाभर कापसात ठिवला हुता."

माफी मागायला आले होते ती एका वाक्याची. हे तर माझ्या हिशेबातच नव्हतं.

"लई राग आल्ता बाई. समोर असत्या तर झिंज्या धरल्या असत्या."

"धर की आता."

"आता धरायला हायेत कुठं?" ती माझ्या विरळ केसांकडे बघून म्हणाली. मग कामाने खरखरीत झालेला हात तिने माझ्या हातावर ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच होता. "सोपान जगला. आता आजा व्हायचाय. माफ केलं असं न्हाई म्हननार मी. पर तुमी आल्या, बरं केलं. माझा नवरा काय म्हनला हुता, त्ये मला तुमाला आयकवायचंच हुतं."

परतीच्या गाडीत शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली होती. तिचा मोबाईल वाजला. "चष्मा घरी राह्यलाय, बघा जरा. मालकांचा मेसेज हाय."

मी वाचलं, जसं होतं तसं, एकेक शब्द: "फाट्यावर थांब. मी येतो. दूध तापवलंय. मांजर घरात आहे, दार लावून येतो."

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले, आणि मांजराची ओळ तिला पुन्हा एकदा वाचून दाखवली.