ढब्बू चालल्याशिवाय नाही

भिंगभाऊंच्या दुकानात एक नियम होता आणि तो त्यांनी कुणासाठीही मोडला नसता. ढब्बू चालून गेल्याशिवाय दुरुस्त झालेला मायक्रोस्कोप दुकानाबाहेर पडायचा नाही.

शाळा-कॉलेजांचे मायक्रोस्कोप दुरुस्त करण्यात भाऊंची चाळीस वर्षं गेली. इतर कारागीर छापील अक्षर भिंगाखाली धरतात आणि ते स्वच्छ दिसलं की हात झटकतात. भाऊ त्यावर नाक मुरडायचे. "अक्षर काळंभोर असतं, ते अर्ध्या आंधळ्यालाही दिसेल. काचेसारखा जीव दिसला पाहिजे, काचेसारखा!"

तो जीव म्हणजे ढब्बू. शाळेच्या विज्ञानाच्या बाई त्याला टार्डिग्रेड म्हणत. दुकानामागच्या भिंतीवरच्या शेवाळात तो राहायचा. टाचणीच्या टोकाहून लहान, आठ पायांचा आणि अंगाने असा लठ्ठ, की चालताना पोट सावरतोय असं वाटावं. शेवाळ वाळलं की हा पाय आत ओढून गोळा होतो आणि वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. गोठवा, तापवा, त्याचं काही बिघडत नाही. त्याच्या जातीतले अवकाशात पाठवलेले काहीजणसुद्धा जिवंत परत आले. पाणी घातलं की काही तासांत पठ्ठ्या हातपाय ताणून चालू लागतो. भाऊंच्या खणात वाळलेल्या शेवाळाची पुडी कायम असायची.

बायकोची शिवणयंत्राची खोली दुकानाला लागूनच होती, पण चाळीस वर्षांत तिने एकदाही मायक्रोस्कोपच्या नळीला डोळा लावला नव्हता. "घरात एक विचित्र प्राणी आहे, तेवढा पुरे," असं ती म्हणायची.

यंदा मात्र ढब्बू दिसेनासा झाला. बाईंचा मायक्रोस्कोप दुरुस्त झाला होता, भाऊंनी शेवाळ रात्रभर भिजवलं, सकाळी थेंबभर पाणी काचपट्टीवर घेतलं, आणि पाहतात तो नुसतं धुकं. त्यांनी भिंगं पुसली, दिवा बदलला, पाणी बदललं. दुसऱ्या मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तिथेही तेच. भिंतीवरून ताजं शेवाळ खरवडून आणलं, त्यातही सामसूम. छापील अक्षर मात्र दिसत होतं, म्हणजे भिंगं ठीक होती. मग शेवाळातले सगळे ढब्बूच मेले असले पाहिजेत.

याचं खापर त्यांनी शेजारच्या सलूनवाल्यावर फोडलं. तो साबणाचं पाणी मागच्या भिंतीवर फेकायचा.

"अवकाशात मरत नाहीत ते तुझ्या फेसाने मेले!" भाऊ ओरडले.

"कोण मेले?" दाढीचा ब्रश हातात धरून सलूनवाल्याने विचारलं. प्रकरण हमरीतुमरीवर आलं. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी बाहेर येऊन मजा बघत उभं राहिलं.

तीन आठवड्यांत टेबलावर सात मायक्रोस्कोप साठले. बाई दोनदा येऊन गेल्या. "अहो भाऊ, मला व्यवस्थित दिसतंय. द्या ना, मुलांचा अभ्यास खोळंबलाय." भाऊ बधले नाहीत. त्या गेल्यावर मात्र ते डोकं धरून बसले. बायको चहा घेऊन आली तर यांचे डोळे भरलेले.

"संपले गं सगळे," भाऊ म्हणाले. "एकही उरला नाही."

तिला खरंच वाईट वाटलं. तिने कप बाजूला ठेवला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा वाकून नळीला डोळा लावला.

"अहो," ती जरा वेळाने म्हणाली, "मग हा लठ्ठ्या कोण?"

"थट्टा करू नकोस."

"थट्टा कशाला करू? तुरुतुरु जायला बघतोय आणि जागचा हलत नाहीये. बाई गं, याला नखंसुद्धा आहेत!"

 नखांची गोष्ट भाऊंनी घरात कधीच काढली नव्हती, नाहीतर तिने पुडी त्याच दिवशी रस्त्यावर फेकली असती. म्हणजे तिला खरंच दिसत होतं. मग बिघाड त्यांच्याच डोळ्यात होता. डावा डोळा जन्मापासून अधू, आजवरचं सगळं काम एकट्या उजव्याने रेटलेलं.

बायकोने त्यांचा डावा डोळा हाताने झाकला आणि कमरेला खोचलेलं रीळ समोर धरलं. "रंग कोणता?"

"पिवळा."

रीळ पांढरंशुभ्र होतं. तिने ते परत खोचलं आणि भाऊंना थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू, आणि पुष्कळ दिवसांचा. ऑपरेशनचं नाव काढताच भाऊ खुर्चीतून उठले. "माझ्याकडे एकच आहे हो. तोच बिघडला तर?"

बायको म्हणाली, "तो ढब्बू वाळवला, गोठवला, तापवला तरी उठून बसतो. आणि त्याच्या मालकाला अर्ध्या तासाच्या ऑपरेशनची भीती वाटते?" 

ऑपरेशनच्या आधी त्या दोघांनी सातही मायक्रोस्कोप हातावेगळे केले. स्क्रू भाऊ बोटांनी चाचपून बसवायचे, आणि नळीला डोळा लावून ती सांगायची, "चालला!" मग भाऊ पेटी बंद करायचे. बाईंना मायक्रोस्कोप मिळाला. सलूनवाल्याची माफी मागायला भाऊ स्वतः गेले आणि फुकट दाढी करून घेऊन आले.

ऑपरेशन झालं आणि पुढे महिनाभर टेबलाजवळ फिरकायचं नाही, असा हुकूम निघाला. काचेच्या वाटीतलं शेवाळ तोवर वाळून कोरडंठाक झालं. बायकोने ते फेकलं नाही, वर झाकण ठेवलं.

महिना संपला त्या दिवशी तिने वाटीत पाणी घातलं. भाऊंना रात्रभर झोप नाही. सकाळी ते स्टुलावर बसले, पण वाकायची हिंमत होईना.

"वाका की," ती म्हणाली. "मी आहे ना."

भाऊंनी उजवा डोळा नळीला लावला. आधी लख्ख उजेड, मग शेवाळाचं हिरवं पान. पानाच्या कडेवरून, पोट सावरत, आठही पाय मारत ढब्बू निघाला होता. त्याची नखंसुद्धा दिसली. मागे उभ्या बायकोला भाऊंची पाठ तेवढी हलताना दिसत होती.

"दिसला का?" तिने विचारलं.  "अहो, दिसला का?"

"दिसला गं," भाऊ नळीवरून डोळा न काढता म्हणाले. "दिसला!"

तिने पदराने डोळे पुसले आणि कोपराने त्यांना ढोसलं. "मग सरका आता. महिना झाला, मीही त्याला पाहिलेलं नाही."