आक्काच्या कीबोर्डखालचा उजेड

आक्काला अंधारात दिसत नाही, हे आम्हाला नीट कळलं ते ती अंगणात ठेवलेल्या बादलीवर आदळून पडली तेव्हा. तशी ती लहानपणापासूनच दिवस मावळला की चाचपडायची, पण घरात सगळ्यांनी ते तिच्या धांदरटपणात जमा केलं होतं. नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला दिवसभर एकेका यंत्रापुढं बसवलं आणि मग सांगितलं, की हे जन्माबरोबर आलेलं आहे. डोळ्यातला पडदा कडेकडेनं निकामी होत जातो. आधी रात्रीचं जातं, मग बाजूचं. मधलं तेवढं टिकतं, पण किती वर्षं ते सांगता येत नाही. मी औषधाचं विचारलं, तर म्हणाले, यावर औषध नाही. सख्खा भाऊ म्हणून माझेही डोळे त्याच दिवशी तपासले. ते स्वच्छ निघाले. परतीच्या एसटीत ते मला तिला सांगवेना. शेवटी तिनंच विचारलं.

"तुझं काय निघालं?"

"काही न्हाई."

"बरं झालं," ती म्हणाली आणि खिडकीकडं तोंड केलं.

बाबांना मात्र ते पटलं नाही. ते एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी त्यांनी मुक्कामाच्या आणि रातराणीच्या गाड्या चालवल्या. "माझे डोळे बराबर हायत. तुझ्या आईचे बी शेवटपर्यंत बराबर होते. मंग लेकराला कुठून आलं हे?" असं ते कितीतरी दिवस विचारत राहिले. दोघांनाही काही झालेलं नसताना ते दोघांकडून येऊ शकतं, हे मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद पाहिला आणि घडी करून परत माझ्या हातात दिला.

आक्का तेव्हा वसमतला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होती आणि पीएचडीचं लिहीत होती. विषय तिनं स्वतः शोधलेला होता: हळद काढायला, मोडायला, शिजवायला जाणाऱ्या बायकांची बोली. आमची आई त्या कामाला जायची. शिजलेलं हळकुंड काडी टोचून बघताना ते कच्चं आहे, होत आलंय की जास्त झालंय, हे सांगायला त्या बायकांकडं किती वेगवेगळे शब्द आहेत, हे आक्का तासभर सांगू शकायची. शेताशेतात जाऊन, हळद शिजवायच्या मोठ्या कुकरच्या वाफेत उभं राहून तिनं मोबाइलवर त्यांचं बोलणं भरून आणलं होतं. आता ते ऐकून उतरवायचं आणि त्यावर लिहायचं होतं.

मी पुण्याची खोली सोडून घरी आलो होतो आणि घरूनच एका छोट्या कंपनीसाठी वेबसाइट बनवत होतो. आक्काला मी एक जुना, वापरलेला लॅपटॉप घेऊन दिला. त्यावर विंडोज रखडत चालायचं, म्हणून ते काढून लिनक्स ही फुकट मिळणारी, हलकी सिस्टिम टाकली. काळा पडदा, त्यावर मोठी पिवळी अक्षरं, असं तिला झेपेल तसं लावून दिलं. पडद्यावरचं तिला दिसत होतं. दिसत नव्हता तो कीबोर्ड. आक्का दोन बोटांनी, कळ बघून टाइप करणारी. शेजारी टेबललॅम्प ठेवला तर त्याचा उजेड डोळ्यांत जाऊन सगळंच धुकट व्हायचं. मोठ्या अक्षरांचे स्टिकर चिकटवले, पण तेही उजेडाशिवाय काय कामाचे, म्हणून काढून टाकले.

कळांच्या खाली दिवे असलेला तो लॅपटॉप होता. बटण दाबून सुरू करताना कंपनीचं चिन्ह दिसायचं, तेवढा वेळ अक्षरं खालून उजळायची. मग लिनक्स सुरू व्हायचं आणि दिवे विझायचे. कंपनीनं ते दिवे लावायची सोय फक्त विंडोजवरच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये ठेवली होती. लिनक्समध्ये त्या दिव्यांशी बोलणारा ड्रायव्हरच कुणी लिहिलेला नव्हता.

"त्या कळा चालू करताना चमकतात न्हाई का, तशाच राहू दे की," आक्का म्हणाली. "तेवढ्यात मला सगळी अक्षरं दिसतात."

मी वेबसाइटवाला माणूस. ड्रायव्हर कसा लिहितात याचा मला गंध नव्हता. लोकांनी इंटरनेटवरच्या मंचांवर लिहून ठेवलेलं वाचत, दुसऱ्या लॅपटॉपसाठी लिहिलेले ड्रायव्हर उघडून बघत मी शिकत गेलो. लॅपटॉपच्या आत कंपनीनं तक्ते भरून ठेवलेले असतात. पंख्याला, बॅटरीला, दिव्याला कुठून आणि कसा हुकूम द्यायचा, ते त्यात असतं. पण कशासमोर काय हे लिहिलेलं नसतं. मी एकेक जागा तपासत गेलो. एकदा चुकीचा आकडा गेला आणि पंखा बंद पडला. लॅपटॉप इतका तापला, की बाबा ओला फडका घेऊन धावले. फडका कसाबसा अडवला.

"हे ड्रायव्हर म्हणजे नेमकं करतं काय रे?" त्यांनी नंतर विचारलं.

"कम्प्युटर म्हणतो दिवा लाव. दिव्याला त्याची भाषा कळत न्हाई. मधी ड्रायव्हर लागतो."

"म्हंजी तू बी ड्रायव्हरच झाला," ते म्हणाले. त्या वर्षात ते हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

दिवे लागले ते एका दुपारी. मी लिहिलेला ड्रायव्हर चढवला, सिस्टिममध्ये दिव्याच्या नावाची एक छोटी फाइल दिसू लागली, तिच्यात तीन हा आकडा लिहिला आणि सगळा कीबोर्ड पांढरा उजळला. मी आक्काला हाक मारली. ती आली, खुर्चीवर बसली, मान खाली घालून अगदी जवळून एकेका कळेवरून बोट फिरवत गेली.

"हे के. हे एल. अरे, दिसून राहिलं की!"

त्या दिवशी तिनं जेवायलाही उठायचं नाव घेतलं नाही. त्यानंतरचं वर्षभर ती लिहीत राहिली. दार लोटून, बाहेरच्या उजेडानं डोळे दिपू नयेत म्हणून खिडकीला पडदा लावून, त्या उजळ अक्षरांवर वाकून. कानात त्या बायकांचा आवाज, आणि समोर एक एक शब्द. मधूनच हाक मारून मला एखादा ऐकवायची. मला वाटायला लागलं होतं, की हे पूर्ण होईल.

दरम्यान तो ड्रायव्हर मी लिनक्स सांभाळणाऱ्या लोकांकडं पाठवला, म्हणजे तो सगळ्यांनाच मिळाला असता. त्यांनी आधी परत पाठवला. कुठं ओळीत मोकळी जागा जास्त होती, कुठं नाव नियमाला धरून नव्हतं, कुठं चूक झाल्यावर काय करायचं तेच मी लिहिलं नव्हतं. बोलणं कोरडं असायचं, पण प्रत्येक मुद्दा खरा असायचा. बऱ्याच फेऱ्यांनंतर तो लिनक्समध्ये घेतला गेला. मग कुठल्या कुठल्या देशांतून त्याच बनावटीच्या लॅपटॉपवाल्यांची पत्रं येऊ लागली. आक्काला मी ती वाचून दाखवायचो. "माझ्या दिव्याचे किती नातेवाईक झाले," ती म्हणायची.

पुढच्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "थोडं वाढव रे."

दिवे तीनवरच होते, सगळ्यात वर. मी पुन्हा त्या तक्त्यांत शिरलो. कंपनीनं बांधलेल्या मर्यादेच्या वर नेणारी एक जागा सापडली. तिथून उजेड थोडा वाढला. काही महिन्यांनी ती पुन्हा तेच म्हणाली. आता वाढवायला काही शिल्लक नव्हतं. त्या दिव्यांचे रंग बदलता यायचे, तेही बदलून पाहिले. पिवळा तिला बरा वाटला, मग काही दिवसांनी तोही नाही, तरी तोच ठेवला. नांदेडला डॉक्टर म्हणाले, मधल्या भागालाही आता सूज आली आहे, एवढ्या लवकर सहसा होत नाही. सुजेवर थेंब दिले. ते घालत राहिलो.

मग ती सकाळ. बाहेर ऊन होतं, खोलीत नेहमीसारखा पडदा ओढलेला. बाबा कॉटवर, मी शेजारच्या टेबलावर माझ्या कामात. आक्का नेहमीच्या खुर्चीवर बसली, लॅपटॉप उघडला आणि थांबली.

"लाइट गेली काय रे?"

मी मान वर केली. डोक्यावरचा पंखा फिरत होता. तिच्या बोटांखाली सगळा कीबोर्ड लख्ख पिवळा पेटलेला होता, एवढा की तिच्या हनुवटीवर त्याचा उजेड पडला होता. मी काही बोलण्याच्या आधीच बाबा म्हणाले, "न्हाई, लाइट हाय की."

मग त्यांनाही कळलं. आक्काला तर आधीच कळलं असणार. तिनं हात उचलून मांडीवर ठेवले.

"बंद करू का?" मी विचारलं.

"राहू दे. तुमाला दिसतंय न्हाई का?"

बाबा उठून बाहेर गेले आणि उन्हात ओट्यावर बसून राहिले. मी त्यांना आत बोलवायला गेलो तर म्हणाले, "माझे काढून देता येत न्हाईत का तिला? विचार ना डॉक्टरला." मी खरंच विचारलं. तसं होत नाही.

मला तरी थांबवेना. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज लिनक्समध्ये असतो, तो मी लावून दिला. पण लॅपटॉप तापला की पंखा मोठ्यानं घोंघावायचा आणि शब्द बुडायचे. म्हणून मी ड्रायव्हरमध्ये पंख्याचा ताबा घेतला, तो हळू फिरेल अशी सोय लिहिली. तीही पुढं पाठवली, तीही घेतली गेली. खोली शांत झाली. त्या शांततेत तो यंत्राचा बायकी आवाज आक्कानं लिहिलेलं वाचू लागला. पुस्तकी मराठी तो कसंबसं वाचायचा. पण त्या बायकांची वाक्यं आली की तो त्यांची अक्षरं तोडायचा, जिथं हेल पाहिजे तिथं सपाट जायचा आणि जिथं नको तिथं थांबायचा. आक्का पानभर ऐकून म्हणाली, "या बाईला हळद ठाऊक न्हाई."

कॉलेजनं पुढच्या वर्षी तिला बोलावलं नाही. पेपर कसे तपासणार, असं प्राचार्य म्हणाले, आणि तेही बिचारे खाली बघूनच म्हणाले. मार्गदर्शक बाईंनी मुदत वाढवून घेऊ म्हणून दोनदा फोन केला. आक्का "व्हय मॅडम" म्हणाली आणि पुढं काहीच केलं नाही.

मला वाटलं, ऐकून तरी ती काम करू शकेल. मी तिची सगळी रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतली, गावांप्रमाणे लावली. ती बोलेल आणि मी टाइप करीन असं ठरवलं. एका दुपारी तिला समोर बसवून पहिलं लावलं. कुकरची वाफ सुटल्याचा आवाज आला आणि मग चार-पाच बायका एकदम बोलू लागल्या. त्यातली एक कुणाला तरी हसत दटावत होती, की सरक बाजूला, भाजशील. ते आक्काला होतं. तेव्हाची आक्काही हसली, रेकॉर्डिंगमध्ये.

आक्का ऐकत बसली. तिचा चेहरा आवाजाच्या दिशेला नव्हता, थोडा बाजूला वळलेला होता. मी कीबोर्डवर बोटं ठेवून वाट बघत होतो, ती पहिला शब्द सांगेल म्हणून.

"बंद कर," ती म्हणाली.

"थोडं ऐक तरी. पुढं तो काडीचा शब्द हाय..."

"मला ठाऊक हाय पुढं काय हाय. बंद कर."

मी बंद केलं. भिंतीला हात लावत ती आत गेली आणि पडून राहिली. त्यानंतर तिनं त्या कामाचं नाव काढलं नाही, आणि मीही काढलं नाही. लोकांची पत्रं अजून येतात, कुणाचे दिवे लागत नाहीत, कुणाचा पंखा ऐकत नाही. मी उत्तरं देतो. तिला आता ती वाचून दाखवत नाही.