काटा अप्पांनी लावलेली जोड

काटा अप्पा कुणाला नमस्कार करत नसत, मान धरत. तुम्ही तहसीलदार असा की गावचे जावई, अप्पांचा पंजा आधी मानेवर पडायचा, मग मनगटावर, आणि मग चार लोकांत ते तुमचं वजन जाहीर करायचे. एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबांना त्यांनी असंच चाचपलं आणि म्हणाले, "वजन हाय तुमचं, साहेब. पर समदं फुडं जमा झालंय." साहेब तपासणी विसरून गेले आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे चालायला लागले. ऐकतो ते असं, की ते अजून नांदेडच्या रस्त्यावर चालतच आहेत.

आमचं गाव नायगाव तालुक्यात. अप्पांचं तिथं किराणा दुकान होतं, म्हणून परगावच्या माणसाला वाटायचं, दुकानातल्या काट्यावरून हे नाव पडलं असेल. खरं कारण म्हणजे जत्रेतला कुस्त्यांचा फड. पूर्वी आमच्याकडे पैलवानाचं वजन कुणी करत नसे. पैलवान फडात उतरला की पंच त्याचा हात वर धरून त्याला गोल फिरवायचा. समोरून कुणीतरी उतरायचा. मग दोघांना शेजारी उभं करून, माना-मांड्या चाचपून, नजरेनं ठरवायचं की ही जोड लागते का. हे ठरवायचा मान अप्पांचा. त्यांनी लावलेली कुस्ती झटकन निकाली निघाली तर अप्पांना दोन दिवस जेवण गोड लागत नसे. त्यांचं म्हणणं, "कोण जिकलं ते पोरं बघत्यात. मी बघतो, दोगं बी घामाघूम झाले का."

तरुणपणी अप्पा स्वतः खेळायचे. त्यांनी शड्डू ठोकला की भोकरपर्यंत ऐकू जायचा आणि एका म्हशीनं त्या आवाजानं दूध द्यायचं सोडलं ते कायमचं. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण ती म्हैस मी पाहिली आहे.

जोड लावायची ही खोड फडापुरती राहिली असती तरी चाललं असतं. माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आधी अप्पा मांडवात आले. त्यांनी मला पाहिलं, नवरीला पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाले, "जोड झकास हाय, लेका. पर तू पडशील." अप्पांचे बरेच अंदाज पुढं चुकले, हा मात्र अक्षता वाळायच्या आत खरा ठरला.

या थट्टेतल्या माणसानं गावाचं काय केलं ते मात्र गंभीरपणे सांगितलं पाहिजे. अप्पांच्या आधी आमच्या फडात जोड लागायची ती घर बघून. मोठ्या घरचा मुलगा मोठ्या घरच्याशी, बाकीचे आपापल्यात. अप्पांचे वस्ताद होते नांदेडचे एक खलिफा, नमाजाचे पक्के आणि रागाचे त्याहून पक्के. त्यांनी शिकवलं होतं की फडात मान बघायची, मकान नाही. पंच झाल्यावर पहिल्याच जत्रेत अप्पांनी पाटलांच्या मुलासमोर हलगी वाजवणाऱ्या किसनरावांचा मुलगा उभा केला. पाटील म्हणाले, "अप्पा, बघून लावा." अप्पा म्हणाले, "बघूनच लावलीया, मालक. आंगाला माती लागली की आडनाव दिसत न्हाई." त्या कुस्तीला किसनरावांनी हलगी अशी काही वाजवली की कातडं फाटलं, मग ते नुसतं लाकूड बडवत राहिले. कुस्ती बरोबरीत सुटली. त्या संध्याकाळी दोन्ही मुलं एका नळाखाली अंघोळ करताना गावानं पाहिली, आणि कुस्तीपेक्षा गर्दी त्या नळाला जास्त होती.

पुढं बरीच वर्षं गेली. मुलं लातूरला शिकवणीला जाऊ लागली, गावातली तालीम ओस पडली, फडावर भोंगे आणि स्टेज आलं. अशा एका जत्रेला भोकरकडचे एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीचं नाव रेणुका. तोवर आमच्या फडात बाई कधी उतरली नव्हती. बायका फड बघायच्या त्या शाळेच्या गच्चीवरून, तेही डोक्यावरचा पदर पुढं ओढून. रेणुकाचे वडील अप्पांना म्हणाले, "घरी चुलतभावासंगं खेळती. समदे तिला हसून राहिले. एक खरी कुस्ती लावा, अप्पा. पडली तर पडू द्या."

जत्रा समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मुलगी कुठून आणायची तिच्यासमोर? शाल-नारळ देऊन पाठवू."

"सत्कार म्हाताऱ्याचा करत्यात," अप्पा म्हणाले. "ती खेळाया आलीया."

त्यांनी रेणुकाची मान बघितली, मनगट बघितलं आणि तिचा हात वर धरून फडातून गोल फिरवलं. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली, उतरेना कुणी. जिंकलो तर मुलीला पाडलं म्हणतील, हरलो तर गाव सोडावं लागेल. शेवटी अध्यक्षांचाच पुतण्या बालाजी उतरला. अप्पांनी दोघांना शेजारी उभं केलं, भोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "लागली."

सलामी झाली. रेणुकानं बालाजीची मान धरली, पायाला हात घातला आणि बालाजी असा अलगद आडवा झाला, जसा दुपारी जेवून कुणी बाजेवर कलंडतो. टाळ्या सुरू झाल्या. स्टेजवरचे पाहुणे शाल उघडून उभे राहिले. नुसतं छातीवर बसून दोन्ही खांदे मातीला टेकवायचं बाकी होतं. पण रेणुका बसलीच नाही. ती बाजूला होऊन उभी राहिली आणि अप्पांना म्हणाली, "ह्यो आपला आपूनच झोपून राहिला."

अप्पांनी हलगी थांबवली. आमच्याकडे आतून ठरवून केलेल्या लढतीला नूरा कुस्ती म्हणतात, आणि अप्पांच्या लेखी ती देवळातल्या चोरीसारखी होती. त्यांनी बालाजीला कानाला धरून उठवलं. "कुणी सांगितलं रे?"

"काकांनी," बालाजी म्हणाला. "म्हणले, लेकीबाळीचा मान ठिवू. फोटू बी चांगला येईल."

अध्यक्ष तरातरा फडात आले. वाईट माणूस नव्हता, त्याला खरंच वाटत होतं की तो पुण्यच करतोय. "अप्पा, पाहुणे बसलेत. पोरीचा हात वर करा आन् मोकळं व्हा."

"हात वर कराया दुसरा माणूस बघा."

"बघूच की. फुडल्या साली वजनकाटा आणून राहिलोत आमी. तुमची गरजच ऱ्हाणार न्हाई."

फडाच्या मानासाठी अप्पांनी अख्खं आयुष्य घातलं होतं, आणि तो मान त्यांच्या हातातून जाताना सगळं गाव बघत होतं. अप्पा क्षणभर अध्यक्षांच्या मानेकडे बघत राहिले, बहुधा सवयीनं. मग म्हणाले, "फुडल्या साली आणा. आज मी हाय." आणि बालाजीकडे वळून, "मान द्यायचा आसंल तर स्टेजवर जा. हितं राहायचं आसंल तर खेळ. ही पोरगी भोकराहून तुला झोपवाया आली न्हाई."

बालाजीनं मातीत हात घातले. पुन्हा सलामी झाली, आणि आता जी कुस्ती लागली ती सांगायला मला दोन जिभा हव्या होत्या. उभ्यानं माना धरून चाललेल्या खडाखडीतच दोघांचे कान लाल झाले. रेणुकानं पट काढला, बालाजीनं तो सोडवला. बालाजीनं टांग घातली, ती हवेतून मांजरीसारखी पोटावर आली. पाहुण्यांची शाल हातातच राहिली. आणि गच्चीवर काय झालं म्हणता? पदर खांद्यावर उतरले. जी शेवंतामावशी नवऱ्याचं नाव घेताना लाजायची, ती कठड्यावर ओणवी होऊन ओरडत होती, "मान सोडू नगं, माय, मान!"

रेणुकानं मान सोडली. बालाजीनं घिस्सा मारला, दोघं एकदम मातीत गेले, धुरळा उडाला, आणि अप्पांनी बालाजीचा हात वर केला.

"माजा खांदा टेकला न्हाई," रेणुका उसळली.

"टेकला," अप्पा म्हणाले.

"न्हाई टेकला, अप्पा."

"म्या बघितलाय."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते रागाचं. अप्पांनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, बालाजीच्या पाठीत घातला तसाच, तेवढ्याच जोराचा. तिचे वडील म्हणाले, "हारली." पण ते म्हणताना त्यांची छाती इतकी फुगली होती की सदऱ्याची गुंडी तुटून हलगीवर वाजली.

पुढच्या साली वजनकाटा आला, त्यानंतर गादी आली, शिट्टी आली. अप्पांना कुणी बोलावलं नाही. ते पहिल्या रांगेत बसून काट्याच्या आधी मोठ्यानं वजन सांगायचे, आणि आकडा जुळला नाही की म्हणायचे, "मशीन दुरुस्तीला टाका." त्याच काट्यावर दर साली जास्त मुली उभ्या राहायला लागल्या, मग मुलींची लढत शेवटची, मानाची झाली. बायका गच्चीवरून खाली आल्या त्या पुन्हा वर गेल्या नाहीत. अप्पांना विचारलं की गादी बरी की माती, तर म्हणायचे, "खेळणारा खरा पायजे. खाली सतरंजी टाका न्हाईतर पोतं."

गेल्या वर्षी अप्पा गेले. त्यांच्या समाजात माणसाला आडवं ठेवत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि माती देतात. रेणुका लातूरहून आली, तिथं ती मुलींना कुस्ती शिकवते. सोबत तिच्या शिष्या होत्या, सगळ्यांचे कान पैलवानासारखे सुजलेले. बालाजी खत-बियाण्याचं दुकान बंद करून आला. दोघांनी ओंजळीनं माती टाकली आणि शेजारी उभे राहिले.

"काई म्हण, बालाजी," रेणुका हळूच म्हणाली, "माजा खांदा टेकला नव्हता."

"टेकला व्हता की, बाई. म्या खाली दाबून धरला व्हता."

"एक बाजू दाबली व्हती तू. दुसरी वर व्हती."

"काय बोलून राहिली. समद्यांनी बघितलं."

"म्या गच्चीवरून बघितलंया," शेवंतामावशी मधे पडली. "वर व्हती."

झालं. अर्धं गाव एकीकडं, अर्धं गाव दुसरीकडं. अध्यक्षसुद्धा हातवारे करून पुतण्याची बाजू मांडायला लागले, रेणुकाच्या शिष्या बाह्या सरसावून पुढं आल्या, आणि रडायला आलेली माणसं रडायचं विसरून एका मुलीच्या खांद्यावरून तावातावानं भांडायला लागली. आणि खाली ताज्या मातीत काटा अप्पा ताठ बसलेले. त्यांची पाठ शेवटपर्यंत जमिनीला लागली नाही.